स्विंडनहून येणारं किट

प्रश्न विचारणारे गृहस्थ ३६ वर्षांचे, राहणार गोव्यातलं मडकई, वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीत शिफ्टची नोकरी. दिवसाला चौदा सिगारेटी, त्यातली पहिली उठल्याउठल्या, चहाच्याही आधी. महिन्याला साडेसात हजारांच्या आसपास जातात, हा त्यांचाच हिशेब. मोठा भाऊ इंग्लंडात स्विंडनला असतो. त्याची सिगारेट दीड वर्षापूर्वी ई-सिगारेट धरून सुटली. तो चवथीला घरी येणार आहे आणि येताना ‘स्टार्टर किट’ घेऊन येतो म्हणालाय. तर पहिल्यांदा घेणाऱ्याला स्वस्तात कोणतं बरं, निकोटीन किती टक्क्यांचं, आणि लिक्विडच्या बाटल्या किती सांगू, असं त्यांनी विचारलंय.

मी फोंड्यात एकोणीस वर्षं दातांचा दवाखाना चालवते. तंबाखू सोडवण्याचं काम मी मागून घेतलं नाही, ते खुर्चीवर चालत आलं. माणूस दात साफ करायला येतो, तोंड उघडतो, आणि त्याने काही सांगायच्या आधी मला कळलेलं असतं की हा ओढतो किंवा मळतो. मग न बोलता कसं राहायचं?

तुमचं उत्तर आधी देते, कारण पुढे मी बरंच बोलणार आहे. भावाला आजच फोन करा आणि सांगा, आणू नकोस. एकही बाटली नको, नुसतं यंत्रही नको.

आपल्याकडे १८ सप्टेंबर २०१९ ला ई-सिगारेटवर बंदीचा वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, साठवण, जाहिरात, सगळं बंद. पूर्ण वस्तू असो की तिचा एखादा भाग, आणि आत निकोटीन असो वा नसो. इ-हुक्काही त्यातच आला. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठवणुकीला सहा महिने किंवा पन्नास हजार किंवा दोन्ही. ‘विकायला नाही हो डॉक्टर, माझ्यापुरतं’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता त्याची चाल पाठ झालीय. बाहेरून देशात आणणं म्हणजे आयात, मग भाऊ दाबोळीच्या विमानतळावर उतरो की मोपाच्या. चवथीला घरी आलेल्या माणसाने गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधायची सोडून कस्टमच्या टेबलासमोर उभं राहावं, आणि तेही तुमच्या किटपायी, हे मला तरी पटत नाही.

किनारपट्टीत मिळतं की, असं तुम्ही म्हणाल. मिळतं. किनारपट्टीत काय मिळत नाही? पण त्याबद्दल पुढे सांगते. ती गोष्ट कायद्यापेक्षा मला जास्त खुपते.

आधी तुमच्या भावाचं बोलू, कारण त्याचा अनुभव खोटा नाही आणि मी तो खोटा ठरवणार नाही. आमच्यातले काही जण ‘ई-सिगारेट सिगारेटीइतकीच वाईट’ असं ठोकून देतात. ते बरोबर नाही. सिगारेटीत पान जळतं आणि जळण्यातून डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड येतो. ई-सिगारेटीत जळत काही नाही, लिक्विड तापतं आणि त्याची वाफ ओढली जाते. इंग्लंडमध्ये एक चांगली चाचणी झाली, तिचा निकाल २०१९ साली आला. सोडू इच्छिणाऱ्या ८८६ माणसांचे दोन गट केले. एकाला निकोटीनच्या गोळ्या, कातडीवर चिकटवायचे पॅच वगैरे जे हवं ते. दुसऱ्याला भरून वापरायचं ई-सिगारेटचं स्टार्टर किट. वर्षाने पाहिलं तर किटवाल्यांपैकी १८ टक्क्यांची सिगारेट सुटलेली होती, गोळ्या-पॅचवाल्यांपैकी ९.९ टक्क्यांची. पुढे २०२३ साली तर तिथल्या सरकारने दहा लाख धूम्रपान करणाऱ्यांना किट देण्याची योजनाच जाहीर केली. तेव्हा भावाचं डोकं फिरलंय असं अजिबात समजू नका.

पण त्याच चाचणीतल्या दोन गोष्टी भाऊ फोनवर सांगणार नाही. किटने ज्यांची सिगारेट सुटली, त्यांच्यातले ८० टक्के वर्षानंतरही ते यंत्र ओढतच होते. गोळ्या-पॅचने सुटलेल्यांपैकी पुढेही गोळ्या-पॅच चालू होते ते ९ टक्के. आणि दोन्ही गटांना पहिले चार आठवडे तरी दर आठवड्याला समुपदेशकासमोर बसवलं होतं. नुसतं किट हातात देऊन घरी पाठवलं नव्हतं. लोक चाचणीतलं किट लक्षात ठेवतात, ती खुर्ची विसरतात.

शिवाय तिथे किट या शब्दाला काही अर्थ आहे. टाकीत दोन मिलीपेक्षा जास्त मावता कामा नये, एका मिलीत २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त निकोटीन नको, निकोटीनची बाटली दहा मिलीच्या वर नको. एकदा ओढून फेकायची यंत्रं तर १ जून २०२५ पासून तिथेही बंद झाली. भावाला नवीन घ्यायचंच असेल, आणि तो ते तिथेच वापरून तिथेच ठेवणार असेल, तर त्याला माझं म्हणणं कळवा: पुन्हा भरता येणारी साधी पॉडची वस्तू पुरे. सिगारेटीसारखा तोंडात धूर घेऊन मग आत घेण्याची, म्हणजे कॉइल (लिक्विड तापवणारी तार) एक ओहमच्या आसपासची. ढग सोडणारी मोठी यंत्रं सिगारेट सोडणाऱ्यासाठी नाहीत. त्यांना लिक्विडही जास्त लागतं आणि वॅटही. खर्च यंत्राचा कमी आणि कॉइलचा जास्त असतो, कारण ती दर एक-दोन आठवड्यांनी जळकी लागायला लागते आणि बदलावी लागते. आणि आता दीड वर्ष झालं म्हणावं; निकोटीनचा आकडा खाली आणायला घे. एवढं सांगितलं की स्विंडनचा विषय संपला.

आता इथलं.

मागच्या पावसाळ्यात एक मुलगा आला, बावीस-तेवीसचा, अक्कलदाढ दुखते म्हणून. एक्सरेसाठी खिशातल्या वस्तू काढून ठेव म्हटलं, तर मोबाइल, दुचाकीची चावी, आणि हायलायटर पेनासारखं काहीतरी गुलाबी-पिवळं, टोकाला चपटी चोच. ट्रेवर ठेवल्याठेवल्या आंब्याचा वास सुटला. खऱ्या आंब्याचा नव्हे, लहानपणी पिशवीतून मिळायच्या त्या थंड पेप्सीचा. चोचेभोवती तपकिरी चिकट कड जमली होती आणि तिच्यात त्याच्या खिशातला कापसाचा धागा अडकलेला. वर ‘मँगो आइस’ आणि त्याखाली ‘५%’. मी विचारलं, हे पाच टक्के काय आहे माहीत आहे? तो म्हणाला, आंब्याचा अर्क.

पाच टक्के म्हणजे एका मिलीत पन्नास मिलिग्रॅम निकोटीन. इंग्लंडच्या मर्यादेच्या अडीच पट. त्या डबीवर दहा मिली लिहिलं होतं, म्हणजे पाचशे मिलिग्रॅम. सिगारेट ओढणाऱ्याच्या अंगात एका सिगारेटीमागे साधारण एक ते दीड मिलिग्रॅम निकोटीन जातं. गणित तुम्हीच करा. आणि हा मुलगा सिगारेट सोडायला ते ओढत नव्हता. त्याने सिगारेट कधी ओढलीच नव्हती.

हा आकडाही खरा असेल तर. माझी खरी तक्रार इथे आहे. चोरून आलेल्या मालावर पाच लिहिलंय म्हणून आत पाच आहे असं कोण सांगणार? तपासणारं कोणी नाही, परत घेणारं कोणी नाही, आणि बिल नसल्यामुळे भांडायलाही तोंड नाही. अमेरिकेत २०१९-२० मध्ये अशा बाजारबाहेरच्या मालाने काय केलं ते आठवा: फेब्रुवारी २०२० पर्यंत फुप्फुसाला इजा होऊन २,८०७ माणसं रुग्णालयात गेली आणि ६८ दगावली. बहुतेकांनी गांजाच्या अर्काची काडतुसं ओढली होती आणि त्यात घट्टपणासाठी ई जीवनसत्त्वाचं एक तेलकट रूप मिसळलेलं होतं. ते निकोटीनच्या कंपन्यांचं लिक्विड नव्हतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण ओढणाऱ्याला बाहेरून फरक दिसला नव्हता, आणि तुम्हालाही दिसणार नाही.

तुम्ही औषध कंपनीत आहात. प्रत्येक बॅचला नंबर, प्रत्येक पिंपाला लेबल, सही नसेल तर माल पुढे सरकत नाही. आठ तास हे काटेकोर पाळून बाहेर पडायचं आणि गाड्यामागे कुणीतरी काढून दिलेल्या, बॅच नसलेल्या द्रवाची वाफ छातीत घ्यायची? तुम्हाला स्वस्त किटचा भाव विचारायचाय. मी विचारते, त्याच्या आतल्या मालाची सही कुणाची?

तोंडाचा डॉक्टर म्हणून दोन वाक्यं. या लिक्विडचा पायाच प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन. पहिलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे तोंड कोरडं पडतं. दुसरं गोडसर आणि चिकट. कोरड्या तोंडाला गोड चिकट काही लागलं की दात किडायला वेगळं निमंत्रण लागत नाही.

आणि एक चूक माझी, तीही सांगून टाकते. २०१७ साली, बंदी यायच्या आधी, बोटीवर काम करणाऱ्या एका गृहस्थांनी मला हेच विचारलं होतं. तारवटी माणूस, सहा महिने बाहेर, बंदराबंदरातून सगळं मिळतं. मी म्हटलं, बघा वापरून, सिगारेटीपेक्षा बरं. एवढंच. किती निकोटीन, कधीपर्यंत, सिगारेट कोणत्या दिवशी बंद, काही बोलले नाही. पुढच्या सुट्टीत आले तेव्हा केबिनमध्ये यंत्र आणि डेकवर सिगारेट, असं दोन्ही चाललं होतं. वीसच्या पाच झाल्या म्हणून खूश होते. मलाही तेव्हा ते यश वाटलं. दुसऱ्याच वर्षी एक मोठा अभ्यास आला: दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्यालाही हृदयविकाराचा वाढीव धोका वीस ओढणाऱ्याच्या जवळजवळ निम्मा असतो. वीसचा विसावा भाग नव्हे, निम्मा. कमी करून थांबणं म्हणजे थांबणं नव्हे हे मी त्यांना तेव्हा सांगायला हवं होतं. तुम्हाला आता सांगते.

आता तुम्हाला मी कोणतं किट देईन ते. किट हा शब्द मला आवडतो, म्हणून तोच वापरते.

उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागते, ही तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ. चौदा हा आकडा त्यानंतर. रात्रभर निकोटीन उतरतं आणि सकाळी अंग मागतं. जितक्या लवकर मागतं तितकी ओढ घट्ट. चौदा सिगारेटींचे धरा चौदा ते एकवीस मिलिग्रॅम. निकोटीनचा जो पॅच मिळतो, त्याचा सगळ्यात मोठा आकार एकवीस मिलिग्रॅमचा, आणि दिवसाला दहापेक्षा जास्त ओढणाऱ्याने तिथूनच सुरू करायचं. योगायोग नाही, हिशेब असाच बसवलेला आहे. सहा आठवडे एकवीसचा, मग दोन आठवडे चौदाचा, मग दोन आठवडे सातचा.

पॅच सकाळी आंघोळीनंतर, अंग पूर्ण कोरडं करून, दंडावर किंवा छातीच्या वरच्या भागावर, केस नसतील तिथे. रोज जागा बदलायची, नाहीतर लाल होतं. पावडर किंवा तेल लावलेल्या अंगावर तो टिकत नाही. आपल्या हवेत घामाने कड सुटते ही तक्रार सगळ्यांची असते. लावल्यावर तळहाताने दहा-वीस सेकंद दाबून धरा आणि कामावर गाउन चढवायच्या आधी तो नीट बसलाय का बघा. रात्री विचित्र स्वप्नं पडायला लागली तर झोपताना काढून टाका. पण मग सकाळची तलफ जड जाईल, हे धरून चाला.

पॅच दिवसभराची पातळी सांभाळतो. जेवणानंतरची, चहाबरोबरची, सुपरवायझर ओरडल्यानंतरची जी उसळी येते तिच्यासाठी निकोटीनची चघळायची गोळी, दोन मिलिग्रॅमची. दोन्ही एकत्र वापरल्याने एकट्या कशापेक्षाही जास्त लोकांची सिगारेट सुटते, यावर आता वाद राहिलेला नाही. दोन मिलिग्रॅमची गोळी औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते. चारची लागली तर डॉक्टरची चिठ्ठी लागते.

आणि इथे मला थांबावं लागतं, कारण गोळीबद्दल ‘काही उपयोग नाही हो’ म्हणणाऱ्या दहांपैकी नऊ जणांनी ती चुकीची खाल्लेली असते. मी प्रत्येकाला समोर बसवून एक खायला लावते. साधं च्युइंगम असतं तसं तो कचाकचा चावतो. मिनिटभरात घसा जळजळतो, उचकी लागते, लाळ गिळली जाते आणि निकोटीन पोटात जातं, जिथे त्याचा फार उपयोग नाही. ती गोळी तोंडाच्या आतल्या कातडीतून रक्तात जायला हवी. म्हणून: हळूहळू पाच-सहा वेळा चावा. मिरीसारखं चुरचुरलं की थांबा आणि ती गाल आणि हिरडी यांच्यामध्ये सरकवून ठेवा. चुरचुर गेली की पुन्हा दोन-चार वेळा चावा, आता दुसऱ्या गालात. अर्धा तास असं. विडा गालात धरणारी माणसं हे पटकन शिकतात. सिगारेटवाल्यांना दोन दिवस लागतात.

दुसरी गोष्ट कुठल्याच डबीवर आपल्या भाषेत लिहिलेली नसते. तोंडात आंबट असेल तर निकोटीन शोषलं जात नाही. परदेशी पत्रकांत कॉफी, शीतपेय आणि फळांचा रस एवढंच लिहितात. आपल्याकडे दुपारी हुमण-भात झाला की वर वाटीभर सोलकढी, आणि लगेच जेवणानंतरची तलफ म्हणून गोळी. गेली वाया! गोळीच्या आधी पंधरा मिनिटं आणि गोळी तोंडात असेपर्यंत सोलकढी नको, सोलाचं सरबत नको, लिंबू सोडा नको, चहा-कॉफी नको. साध्या पाण्याने खळखळून चूळ भरा, थोडं थांबा, मग गोळी. एवढ्या एका बदलाने ‘उपयोग नाही’ म्हणणारे परत येऊन दुसरी डबी मागतात.

पॅच लावलेला असताना दिवसाला आठ-दहा गोळ्या पहिल्या आठवड्यांत चालतील. एकट्या गोळीवर असाल तर वरची मर्यादा चोवीस. सहा आठवड्यांनी दोन गोळ्यांमधलं अंतर वाढवायचं, बारा आठवड्यांत बंद. घाई करून चौथ्या दिवशीच ‘आता मला गरज नाही’ म्हणणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते.

पैशांचं तुम्ही विचारलंत आणि ते विचारायलाच हवं. गोळी साधारण दहा-बारा रुपयांची, दिवसाला दहा धरा. पॅच त्याहून महाग. पहिला महिना तुमच्या साडेसात हजारांच्या अलीकडेपलीकडे कुठेतरी जाईल, मग उतरत जाईल, आणि तीन महिन्यांनी शून्य होईल. किटचा खर्च कधी शून्य होणार, हे भावाला विचारून बघा. सरकारी रुग्णालयात विचारलंत तर यातलं काही फुकटही मिळू शकतं: म्हापशाच्या आणि मडगावच्या जिल्हा रुग्णालयात, बांबोळीला डेंटल कॉलेजात किंवा तिथल्याच मानसोपचार संस्थेत. निकोटीनचे हे उपचार २०२२ पासून देशाच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहेत. फोनवर मदत हवी असेल तर तुमच्या खिशातल्या पाकिटावरच नंबर छापलेला आहे, १८००-११-२३५६, पैसे पडत नाहीत. २०१८ पासून छापतात, आणि ओढणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी तो वाचलेला असतो.

पॅच-गोळीने जमलं नाही तर व्हॅरेनिक्लीन नावाचं औषध आहे. ते निकोटीन नाही. मेंदूत निकोटीन जिथे बसतं तिथे ते अर्धवट जाऊन बसतं, त्यामुळे तलफही कमी आणि सिगारेटीची मजाही कमी. बारा आठवडे, सिगारेट बंद करायच्या एक आठवडा आधी सुरू करायचं. पहिल्या दिवसांत मळमळतं, म्हणून पोटभर खाऊन आणि ग्लासभर पाण्याबरोबर. हे डॉक्टरला दाखवूनच. छातीचं किंवा मूत्रपिंडाचं काही असेल, घरात कुणी गरोदर बाई हेच विचारत असेल, तर पॅच-गोळीसुद्धा आधी डॉक्टरशी बोलून.

आता दिवस ठरवा. चवथीचा दिवस ठरवू नका. घर पाहुण्यांनी भरलेलं, रात्री आरत्या आणि जागरण, मित्र बऱ्याच दिवसांनी भेटलेले. त्या गर्दीत कुणाची सुटत नाही. चवथीच्या आधी निदान पाच आठवडे सुरू करा, म्हणजे भाऊ येईल तेव्हा कठीण दिवस मागे पडलेले असतील. पहिले तीन दिवस सगळ्यात वाईट: चिडचिड, झोप नाही, डोकं भरलेलं, तोंडाला सतत काहीतरी हवं. दोन ते चार आठवड्यांत ते ओसरतं. एकेक तलफ मात्र तीन ते पाच मिनिटांचीच असते. शिफ्टवाल्यांना मी सांगते, रात्रपाळीच्या आठवड्यात सुरू करू नका. आधीच झोप विस्कटलेली असते आणि पहाटे तीनला गेटबाहेर उभं राहणाऱ्या चौघांना नाही म्हणणं हे माणसाच्या ताकदीबाहेरचं आहे.

त्या चौघांवरून आठवलं. आजूबाजूचे सगळेच ओढतात, असं तुम्ही लिहिलंय. गेटबाहेर उभं राहिल्यावर तसंच दिसणार, कारण न ओढणारे आत बसलेले असतात. २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत गोव्यात तंबाखू वापरणारे प्रौढ ९.७ टक्के निघाले, सगळ्या राज्यांत कमी. देशाचा आकडा २८.६ होता. सार्वजनिक जागी ओढण्या-थुंकण्यावर आपण १९९७ सालीच कायदा केला, देशाचा कायदा यायच्या सहा वर्षं आधी, त्यामागे डॉ. शरद वैद्यांसारख्या माणसांची वर्षानुवर्षांची खटपट होती. बाहेरून येणाऱ्यांना गोवा म्हणजे वाटेल ते ओढायची जागा वाटते, आणि कधी कधी आपल्यालाही ते खरं वाटायला लागतं.

दारूचं एक बोलते आणि थांबते. उराकाचा, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या दारूचा, मोसम संपलाय ते बरंच झालं. पहिला महिना फेणीही बाजूला ठेवा. माझ्याकडे परत घसरलेल्यांना विचारलं, की ती पहिली सिगारेट कुठे पेटवलीत, तर उत्तर बहुतेक वेळा बारमधलं असतं. एक पेग पोटात गेला की सकाळचा निश्चय कुणी केला होता तेच आठवत नाही. घसरलात तर पॅच काढून फेकू नका, ‘गेलं सगळं’ म्हणून पाकीट विकत घेऊ नका. ती एक टाका आणि पॅच तसाच चालू ठेवा. अंगावर पॅच असताना सिगारेट ओढली की हृदय बंद पडतं, ही गेटबाहेरची वैद्यकी आहे.

अजून एक, याची कल्पना आधीच देते, कारण लोक घाबरून फोन करतात. सोडल्यावर काही आठवड्यांत ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येऊ लागेल. औषधाचा दोष नाही. निकोटीन हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळून ठेवतं, म्हणून ओढणाऱ्याच्या हिरड्या आतून बिघडलेल्या असल्या तरी रक्त दाखवत नाहीत. आवळ सुटली की जे आधीपासून होतं ते दिसतं. त्या वेळी दात साफ करून घ्यायला या. तुमच्या हिरड्यांची खरी तब्येत मला तेव्हाच पहिल्यांदा बघायला मिळेल.

भावाला फोन करताना त्याच्यावर रागावू नका. त्याने जीव लावूनच विचारलंय. त्याला एवढंच विचारा की पहिल्या महिन्यात सगळ्यात जड वेळ कोणती गेली आणि त्या वेळी त्याने काय केलं. ते लिहून घ्या. आणि माझ्याकडे पहिल्यांदा याल तेव्हा त्याआधीच्या आठवड्यातली रिकामी पाकिटं फेकू नका, पिशवीतून घेऊन या. प्रत्येक पाकिटावर पेनाने लिहा, पहिली किती वाजता पेटवली आणि कोणती एक अशी होती जी ओढली नसती तरी चाललं असतं. आपण त्या एकीपासून सुरू करू.